विंडहुकच्या नळाचं पाणी पिऊन आलो, त्याचा रिव्ह्यू

लोक नमीबियाला सिंह, हत्ती आणि लाल वाळूचे डोंगर बघायला जातात, मी गटार बघायला गेलो. सांगायला ताई-दाजींकडं गेलो होतो, दाजी तिकडं राजधानीत, विंडहुकला नोकरीला आहेत, तीन वर्षं झाली ये ये म्हणायलेत. पण तिकीट काढताना डोक्यात खरं एकच होतं, की ज्या गावात सांडपाणी साफ करून परत प्यायच्या नळाला जोडतात ते गाव आपल्या डोळ्यानं बघायचं आणि ते पाणी आपल्या तोंडानं प्यायचं. बायको म्हणाली लोक परदेशात जाऊन चॉकलेट आणतात, तुम्ही काय आणणार, स्लज? (स्लज म्हणजे सांडपाण्याचा गाळ.)

मी एका मध्यम शहराच्या एसटीपीवर, म्हणजे सांडपाणी साफ करायच्या प्लांटवर, शिफ्ट बघतो, १४ वर्षं झाली. गावाचं नाव घेत नाही, रिटायर व्हायला वेळ आहे अजून. मराठवाड्यातलं आहे आणि नळ आठव्या दिवशी येतो एवढं सांगितलं तरी निम्म्या लोकांना आपलंच गाव वाटेल, त्यामुळं अडचण नाही. हे सगळं यासाठी सांगितलं की हा रिव्ह्यू टुरिस्टचा नाही. मला पाणी दिलं की मी आधी वास घेतो मग उजेडाला धरतो मग पितो, लग्नातसुद्धा, घरचे वैतागतात.

तर रेटिंग आधीच देऊन टाकतो म्हणजे ज्यांना वाचायचा कंटाळा आहे ते सुटतील. पाण्याला ५ पैकी ५. गावाच्या एकूण पाणी व्यवस्थेला ५ पैकी ४. तो एक का कापला ते खाली येईल.

पहिला ग्लास. रात्री पोचलो, ताईनं किचनच्या नळाखाली ग्लास धरला आणि दिला. फिल्टर नाही, माठ नाही, उकळणं नाही, काही नाही. मी म्हणलं ताई हेच का ते, ती म्हणाली हो हेच, इथं दुसरं नाहीच. वास घेतला, अगदी बारीक क्लोरिन, स्विमिंग पूलसारखा नाही, नवीन धुतलेल्या टाकीत असतो तेवढा. उजेडाला धरला, एकदम नितळ. प्यायलो. चव काही नाही. आणि पाण्याच्या धंद्यात चव काही नाही ही सगळ्यात मोठी शाबासकी असते. आमच्याकडं नळ आला की पहिली पाच मिनिटं लाल पाणी येतं ते मोरीत सोडून द्यायचं, मग मोटार लावायची, मग तुरटी फिरवायची, मग आरओ. इथं बाई सरळ नळाचं पाणी चहाच्या पातेल्यात घेते आणि तिला त्यात काही विशेष वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी आईला व्हिडिओ कॉल केला. आईला ताईनं हे तीन वर्षं सांगितलंच नव्हतं आणि मी पहिल्याच मिनिटाला बोलून बसलो. आई गप्प झाली. मग म्हणाली, "आरं काय बोलायलास, गटारीचं पाणी पितेत व्हय रे?" ताई मागून मला चिमटे काढायलीय. मी म्हणलं आई साफ केलेलं असतंय, लई साफ केलेलं असतंय. आईनं थोडा विचार केला आणि आमच्या भागातल्या कुठल्याही बाईनं विचारला असता तोच प्रश्न विचारला, "वरण शिजतंय का त्यात?" ज्यांना बोअरच्या जड पाण्यात तूरडाळ शिजवायचा अनुभव नाही त्यांना या प्रश्नाची खोली कळायची नाही. दोन तास गॅस जाळा, डाळ आपली वेगळी आणि पाणी वेगळं. ताई म्हणाली शिजतंय की, तीन शिट्ट्या. त्यावर आई म्हणाली मग ठीकय, पण देवाला नको घालू.

आता गाव कसंय ते सांगतो कारण त्याशिवाय हे पाणी कळत नाही. विमानतळ गावापासून ४५ किलोमीटरवर आहे, त्या सगळ्या रस्त्यानं करड्या रंगाची खुरटी झाडं, बाभळीच बाभळी, मला वाटलं आपण अंबाजोगाईच्या पुढं कुठंतरी चाललोय. पूल येतात आणि पुलाखाली वाळू. मी दाजींना विचारलं नद्या कुठं गेल्या, ते म्हणाले याच नद्या आहेत, पाऊस मोठा झाला तर चार दिवस वाहतात. बारा महिने वाहणाऱ्या नद्या या देशाच्या फक्त सीमेवर आहेत, वरती कुनेने, ओकावांगो, खाली ऑरेंज. ओकावांगो विंडहुकपासून ७०० किलोमीटर लांब. समुद्र जवळ म्हणावा तर तोही ३०० किलोमीटर, आणि गाव आहे १६५० मीटर उंचीवर, म्हणजे समुद्राचं पाणी गोडं करून चढवायचं तर विजेचं बिल विचारायलाच नको. पाऊस वर्षाला ३६० मिलिमीटरच्या आसपास, लातूरला पडतो त्याच्या साधारण निम्मा. आणि ऊन असं की पडतो त्याच्या कितीतरी पट उडून जायची हवेची ताकद आहे. तीन धरणं आहेत, फॉन बाख, स्वाकोपपोर्ट आणि ओमाटाको, आणि त्यातली गंमत म्हणजे दुसऱ्या दोन धरणांतलं पाणी पंप करून फॉन बाखमध्ये आणून ठेवतात, कारण ते खोल आहे, तिथं उडून कमी जातं. पंपिंगचा खर्च परवडतो पण उन्हाला पाणी द्यायला परवडत नाही, असा हिशोब.

लोकसंख्या पाच लाखाच्या आसपास. म्हणजे ढोबळ मानानं लातूरपेक्षा मोठं आणि नांदेडपेक्षा लहान असं समजा. मुंबई-पुण्याची उदाहरणं दिली की आपल्याकडचे साहेब लोक म्हणतात त्यांचं बजेट वेगळं. म्हणून मुद्दाम सांगतोय, हे गाव आपल्या मापाचं आहे.

आणि हे काम त्यांनी कधी सुरू केलं तर १९६८ ला. परत वाचा, १९६८. आपल्याकडं ७२ चा दुष्काळ पडून आमचे आजोबा खडी फोडून सुकडी खायच्या चार वर्षं आधी. तेव्हा तिथं दक्षिण आफ्रिकेचं राज्य होतं, देश स्वतंत्र झाला १९९० ला. गोरेआंगाब नावाच्या धरणाच्या कडेला प्लांट टाकला, सुरुवातीला ४.३ एमएलडी म्हणजे दिवसाला ४३ लाख लिटर. सांडपाण्यापासून प्यायचं पाणी करून थेट शहराच्या पाण्यात मिसळणारा जगातला पहिला प्लांट. मग वाढवत गेले आणि २००२ ला शेजारी नवीन बांधला, २१ एमएलडीचा. गावाच्या पाण्यातला सरासरी पाव हिस्सा यातून येतो, जास्तीत जास्त ३५ टक्क्यांपर्यंत मिसळायची मर्यादा ठेवलीय. म्हणजे ताईच्या चहात चार कपांपैकी एक कप आधी कुणाच्या तरी बाथरूममधून जाऊन आलाय. ताईला हे असं सांगितलं तर तिनं कप खाली ठेवला, तीन वर्षं पितेय तरी.

दाजींच्या ऑफिसमधल्या एकाच्या ओळखीनं प्लांट बघायला मिळाला. माझ्यासाठी ही तिरुपतीच होती. दोन प्लांट आहेत हे आधी समजून घ्या, लोक इथं घोळ घालतात. पहिला गामाम्स, तो आपल्यासारखाच एसटीपी, घरांतून आलेलं सांडपाणी तिथं येतं, आधी जाळीनं कचरा आणि मग रेती काढायची, मग जिवाणूंचं काम, एअरेशन म्हणजे पाण्यात हवा सोडायची, क्लॅरिफायर म्हणजे गाळ खाली बसवायची टाकी, शेवटी पाँड. तिथं मला घरी आल्यासारखं वाटलं. वास ओळखीचा, हवा सोडणाऱ्या ब्लोअरचा आवाज ओळखीचा, एअरेशन टँकवरचा फेस चॉकलेटी, म्हणजे स्लजची तब्येत चांगली. मी नकळत काचेचा मोजायचा सिलिंडर शोधायला लागलो स्लज किती बसतोय बघायला. आपल्याकडं एसटीपीचं काम इथं संपतं, पाणी नाल्यात सोडायचं आणि रजिस्टरवर सही करायची. त्यांचं तिथून पुढं सुरू होतं.

गामाम्सचं पाणी गोरेआंगाबला येतं आणि मग त्याच्यावर जे करतात ते मी सगळं सांगत बसलो तर तुम्ही पळून जाल, पण थोडं सांगायलाच पाहिजे. आधी ओझोन. मग फेरिक क्लोराईड घालून मळ गोळा करतात, आणि तो खाली बसवत नाहीत तर बारीक हवेचे बुडबुडे सोडून वर तरंगवतात आणि वरून काढून घेतात. गुऱ्हाळावर ज्यांनी काकवी खाल्लीय त्यांना हे लगेच कळेल, रस उकळताना भेंडीचं पाणी टाकलं की मळी वर येते आणि झाऱ्यानं काढतात, अगदी तेच, फक्त विस्तव नाही. मग वाळूचे फिल्टर. मग परत ओझोन, यावेळी जोरात. त्या इमारतीत शिरलं की पाऊस येण्याआधी वीज कडाडल्यावर हवेला वास येतो ना तसला वास, किंवा झेरॉक्सच्या दुकानात येतो तो. मग कोळशाचे फिल्टर, एकामागं एक, पहिल्या कोळशावर जिवाणू वाढवलेले असतात, ओझोननं तुकडे केलेली घाण ते खातात, पुढचा कोळसा उरलंसुरलं धरतो. मग अल्ट्राफिल्ट्रेशनच्या मेंब्रेन, म्हणजे अतिबारीक छिद्रांच्या गाळण्या, त्यातून जिवाणू जाऊ शकत नाही. मग क्लोरिन. म्हणजे चोराला एक कुलूप नाही, सात-आठ कुलपं, आणि प्रत्येकाची किल्ली वेगळी. एक निकामी झालं तरी बाकीची आहेत.

आरओ नाही हे बघून मी थांबलोच. आपल्याकडं आरओ म्हणजे देव. मी विचारलं आरओ का नाही, तर उत्तर एकदम माझ्या धंद्यातलं होतं. आरओ लावला की जे खारट पाणी उरतं ते टाकणार कुठं? समुद्रकाठच्या गावाला समुद्र आहे, आम्ही ३०० किलोमीटर आत आहोत. आपल्याकडं प्रत्येक घरात आरओचा पाइप मोरीत सोडलेला आहे आणि तो खारटपणा शेवटी माझ्याच प्लांटवर येतो, हे मी किती वर्षं सांगतोय, कोण ऐकतंय. पण आरओ नसल्यामुळं त्यांना एक बंधन आहे, मीठ पाण्यातून निघत नाही, तेच पाणी परत परत फिरवलं की क्षार वाढत जातात. मिसळायला मर्यादा आहे त्यामागं हेही एक कारण. धरणाचं ताजं पाणी पाहिजेच. ज्यांना वाटतं की असा प्लांट टाकला की धरण नको, त्यांच्यासाठी सांगितलं.

शेवटी एक नळ होता, पाहुण्यांना पाणी प्यायला. धरणाचं पाणी न मिसळलेलं, शंभर टक्के गोरेआंगाब. मी दोन ग्लास प्यायलो. सोबतचा एक युरोपियन पाहुणा होता त्यानं ओठाला लावल्यासारखं करून ठेवून दिला. मला हसू आलं, तुमच्या नद्यांना वरच्या गावाचं सांडपाणी सोडलेलं असतं आणि खालचं गाव तेच उचलून पितं, तेव्हा नाही घाण वाटत.

आता मशिनरी बघून सगळे भारावतात पण मला दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटल्या आणि दोन्ही मशीन नाहीत.

एक म्हणजे सुरुवात. कारखान्यांचं सांडपाणी या प्लांटला येतच नाही. ब्रुअरी, कत्तलखाना, चामड्याचा कारखाना, यांची गटार वेगळी, त्यांचा प्लांट वेगळा, उजाम्स नावाचा, गावाच्या उत्तरेला. म्हणजे सुरुवातीपासून त्यांनी ठरवून ठेवलंय की जे पाणी परत प्यायचंय त्या पाइपात केमिकल येऊ द्यायचं नाही. आमच्याकडं काय येतं सांगू? नाला अडवून पाणी प्लांटवर घेतलंय, त्यामुळं नाल्यात जे जे पडतं ते सगळं येतं, गणपतीनंतर निर्माल्य, सोमवारी बाजार झाला की कांद्याची पात, हॉटेलांचं तेल, गाड्या धुतलेलं डिझेल, आणि महिन्यातून दोन-तीनदा रात्री दीडच्या सुमाराला कुणीतरी टँकरनं काहीतरी ओततं, सकाळी एअरेशन टँक काळा पडलेला असतो, जिवाणू मेलेले. ते परत वाढवायला आम्ही शेण आणून टाकतो, हसू नका, खरंच टाकतो. मग आठ-पंधरा दिवसांनी जरा रंग यायला लागला की परत टँकर. कोण ओततं ते सगळ्यांना माहीत आहे.

दुसरी गोष्ट, आणि या एका गोष्टीसाठी मी हा एवढा रिव्ह्यू लिहायलोय. तिथं पाणी नापास होतं. खरंच नापास होतं. जागोजागी मीटर बसवलेत, चोवीस तास चालू, शिवाय सॅम्पल काढून लॅबमध्ये, आणि आकडा ठरवलेल्या रेषेच्या वर गेला की ते पाणी पुढं गावाला जात नाही, परत फिरवतात किंवा प्लांटच थांबवतात. मी विचारलं थांबवायचं कोण ठरवतं, साहेबांना फोन करावा लागतो का? ज्याला विचारलं त्याला प्रश्नच कळला नाही. म्हणाला जो शिफ्टला आहे तो. मी दोनदा विचारलं, दाजींना वाटलं माझं इंग्रजी कमी पडतंय, त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. तेच उत्तर, जो शिफ्टला आहे तो.

मी १४ वर्षं शिफ्टला आहे. माझ्या नोकरीत आमच्या प्लांटचं पाणी एकदाही नापास झालेलं नाही. बीओडी, म्हणजे पाण्यात सेंद्रिय घाण किती उरली त्याचा आकडा, दर महिन्याला ९ पॉइंट काहीतरी, कारण लिमिट १० आहे. ब्लोअर जळून ११ दिवस बंद होता त्या महिन्यातही ९.४. दिवाळीत लाइट गेली, डिझेल नव्हतं, सगळं पाणी बायपासनं नाल्यात, तेव्हा ९.१, म्हणजे बंद असताना उलट सुधारलं. मी आकडे लिहित नाही, मी सही करतो. तर तिथल्या त्या पोरानं, वय असेल अठ्ठावीस-तीस, सहज सांगितलं की गेल्या महिन्यात अमोनिया वाढला म्हणून आम्ही काही तास बंद ठेवलं होतं, तेव्हा मला त्याचा हेवा वाटला. पगाराचा नाही. त्या बटणाचा.

लोक कसे तयार झाले हे सगळे विचारतात. ऑस्ट्रेलियात टूवूम्बा नावाचं गाव आहे, तिथंही दुष्काळ होता, २००६ ला मतदान घेतलं की सांडपाणी साफ करून प्यायचं का, ६० टक्क्यांच्या वर लोक नाही म्हणाले, विषय संपला. विंडहुकमध्ये १९६८ ला मतदान वगैरे काही झालं नाही, गोऱ्यांचं राज्य होतं, काळ्या लोकांना कोण विचारतंय, हे पण लक्षात ठेवायला पाहिजे, उगाच फार कौतुक नको. पण नंतर लोकांचा विश्वास टिकला तो काही आजारपण आलं नाही म्हणून. १९७४ ते १९८३ एवढा काळ धरून आरोग्याचा अभ्यास केला होता, जुलाब-कावीळ वगैरेचा या पाण्याशी संबंध सापडला नाही. आता ताईच्या शेजारणीला मी विचारलं तुम्हाला माहीत आहे का हे पाणी कुठून येतं, ती म्हणाली हो, शाळेत असताना प्लांट बघायला नेलं होतं. आम्हाला शाळेत असताना साखर कारखाना बघायला नेलं होतं.

आता तो कापलेला एक स्टार.

ताईकडं कामाला एक बाई येतात, त्या राहतात गावाच्या वायव्येला, पत्र्याच्या वस्तीत. तसल्या वस्त्या टेकड्यांवर लांबवर पसरल्यात, आणि तिथं घरात नळ नाही. सामाईक नळ आहे, त्यात आधी पैसे भरलेलं टोकन लावायचं तेव्हा पाणी येतं, मग कॅन भरून डोक्यावर. मी म्हणलं चला बघून येऊ, दाजी नको म्हणत होते, ताई म्हणाली जाऊ द्या त्याला, तो ऐकणार नाही. तिथं बायकांची रांग, पिवळे कॅन, बारकी पोरं. ती रांग बघून मला परदेशात आल्यासारखं वाटेनाच. पाणी तेच, जगात भारी, पण संडास नाहीत पुरेसे, लोक ओढ्यात जातात, आणि तो ओढा जातो कुठं तर गोरेआंगाब धरणात. ज्या धरणाच्या नावानं प्लांट आहे त्याच धरणाचं पाणी सुरुवातीला प्लांटला घ्यायचे, आता ते एवढं घाण झालंय की घेत नाहीत. गटारीचं पाणी चालतं पण धरणाचं चालत नाही! प्लांटच्या कंपाउंडवरून ते धरण दिसतं, दिसायला सुंदर. ज्या गावाला गटारीचं पाणी प्यायचंय त्या गावात प्रत्येक घराला गटार जोडलेली पाहिजे, एवढं साधं गणित तिथं पण राहिलंच की.

बिलाचं म्हणाल तर पाणी स्वस्त नाही. जेवढं जास्त वापराल तेवढा पुढच्या लिटरचा दर चढत जातो. दाजींनी अंगणातलं लॉन काढून खडी टाकली आणि कोरफड लावली. गावातल्या बागा आणि मैदानांना वेगळा पाइप आहे, अर्धवट शुद्ध केलेलं पाणी, तिथं तशा पाट्या लावलेल्या असतात, पिऊ नका. ऑक्टोबरमध्ये गेलो होतो, सगळ्या रस्त्यांवर जांभळ्या फुलांची झाडं, जकरंदा, खाली जांभळा सडा. फोटो काढायचे राहिले, माझ्या मोबाईलमध्ये सगळे क्लॅरिफायरचेच फोटो, बायकोनं आल्यावर बघितले आणि मोबाईल परत दिला.

आपल्याकडं होईल का, हे परत आल्यावर सगळ्यांनी विचारलं. प्यायला म्हणाल तर मी आत्ता स्वतःच विरोध करीन, कारण मला माझी ९.४ माहीत आहे. पण प्यायलाच कशाला पाहिजे? नागपूरला भांडेवाडीचं साफ केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, चालू आहे. चेन्नईला २०१९ पासून कोयंबेडू आणि कोडुंगैयुरला ४५-४५ एमएलडीचे प्लांट आहेत, गटारीचं पाणी पार आरओपर्यंत नेऊन कारखान्यांना विकतात. चेन्नईचं अजून एक, विंडहुकचा २००२ चा प्लांट चालवणाऱ्यांच्या भागीदारीत वाबाग नावाची कंपनी होती, त्या वाबागचं मुख्यालय आज चेन्नईला आहे. म्हणजे ज्ञान बाहेरून आणायचं राहिलंच नाही. आणि आमच्याकडं २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर, लोकांनी इंजिनाला हार घातले, मी पण बघायला गेलो होतो. त्याच दिवशी आमच्या प्लांटच्या तोंडातून नाल्यात त्याच्या कितीतरी पट पाणी चाललं होतं. ते निदान एमआयडीसीला द्या, बांधकामाला द्या, आमराईला द्या. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २०२१ च्या अहवालात देशातल्या शहरांचं सांडपाणी ७२,३६८ एमएलडी आणि ते साफ करायची बांधलेली क्षमता ३१,८४१. बांधलेली. त्यातले किती ब्लोअर रात्री चालू असतात ते आमच्यासारख्यांना विचारा.

जाणाऱ्यांसाठी दोन-तीन कामाच्या गोष्टी. विंडहुकमध्ये बाटलीचं पाणी विकत घेऊ नका, फुकटचा खर्च, हॉटेलात सरळ टॅप वॉटर मागा, नाक मुरडत नाहीत. प्लांट बघायचा असेल तर आधी विचारून परवानगी घ्या, असंच गेटवर जाऊन उभं राहू नका, आणि बूट घाला, मी चपलेवर गेलो होतो, त्यांनी आत सोडायच्या आधी बूट दिले ते दोन नंबर मोठे. गामाम्सला जायचं असेल तर नाश्ता आधी करा. आणि कुटुंबाला सोबत नेऊ नका, ताई गाडीतच बसून राहिली.

येताना त्या शेवटच्या नळाची एक अर्ध्या लिटरची बाटली भरून घेतली होती, आमच्या लॅबच्या मॅडमना दाखवायला, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार बघू, टर्बिडिटी म्हणजे गढूळपणा बघू म्हणून. घाईत ती हँडबॅगेतच राहिली. विमानतळावर तपासणीला पिशवी अडवली, पाणी नेता येणार नाही, टाका म्हणाले. शेजारी डबा होता. मी म्हणलं टाकत नाही, पितो. तो अधिकारी बघत राहिला, मागं रांग, ताई काचेपलीकडून हात करायलीय की काय झालं, आणि मी तिथंच उभा राहून अर्धा लिटर घटाघटा प्यायलो. रिकामी बाटली सोडली त्यांनी. आता ती लॅबच्या खिडकीत आहे, स्लजच्या सिलिंडरशेजारी. मॅडमनी मनी प्लांट लावायला म्हणून दोनदा मागितलीय.